पावसाळ्यात उघडी चेन: ऑटोमॅटिक ऑइलर बसवावा का?

घाटवाट | रविवार, रात्री ९:२०

मंडळी, नमस्कार.

माझी रोजची ये-जा कासारवडवली ते महापे. घोडबंदर रोड, माजिवडा, कळवा नाका आणि पुढे ठाणे-बेलापूर रोड. गाडी ४०० सीसीच्या आसपासची, एक सिलिंडर, बीएस-६, चेन उघडी आणि ओ-रिंगवाली (कड्यांत रबरी रिंग असलेली). थंडीत, उन्हाळ्यात काही तक्रार नसते, रविवारी स्प्रे मारला की आठवडा निघतो. पण पाऊस सुरू झाला की सोमवारी मारलेला स्प्रे दोन दिवसांत धुऊन जातो आणि सकाळी पार्किंगमध्ये बघावं तर चेनवर तांबूस पूड बसलेली. मागचा चेन सेट (चेन आणि ती ज्यांवर फिरते ती दोन दातेरी चाकं, म्हणजे स्प्रॉकेट) त्याआधीच्या सेटपेक्षा बराच लवकर गेला.

म्हणून चालत्या गाडीत आपोआप थेंब थेंब तेल सोडणाऱ्या ऑइलरचा विचार करतोय. वाचलं त्यावरून तीन तऱ्हा दिसतात: इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणारा, इलेक्ट्रॉनिक, आणि नुसत्या उतारावर, म्हणजे तेलाच्या स्वतःच्या वजनाने, तेल सोडणारा. आपल्याकडच्या पावसात आणि ट्रॅफिकमध्ये यातला कोणता चालेल? तेल मागच्या टायरवर जातं का? बीएस-६ गाडीच्या वॉरंटीचं काय? आणि ठाणे-नवी मुंबईत कोणी स्वतः बसवला असेल तर त्यांच्याकडून ऐकायला आवडेल.

माझं मत विचाराल तर रोज चाळीसच्या वर किलोमीटर चालणाऱ्या उघड्या चेनच्या गाडीला ही वस्तू कंपनीनेच लावून द्यायला हवी.

खाडीकाठ | रविवार, रात्री ९:३४

वाचतोय. कोपरखैरणेत चेनची हीच गत आहे.

काका_नौपाडा | रविवार, रात्री १०:०५

घाटवाट, ही कल्पना जुनी आहे बरं का. कास्ट आयर्न इंजिनच्या बुलेटला क्रँककेसचा ब्रीदर पाइप मागे चेनपाशी सोडलेला असायचा. इंजिनातून येणारं तेलकट बाष्प थेंब होऊन चेनवर पडायचं. गाडीखाली डाग ठरलेला, पण चेन कोरडी पडायची नाही. जावा-येझदीला तर चेनवर पूर्ण बंद पेटी असायची, आत ना पाणी ना चिखल. होंडाने १९६९ मध्ये सीबी ७५० आणली तेव्हा पुढच्या स्प्रॉकेटच्या शाफ्टमधून चेनला तेल जायची सोय केली होती, स्क्रू फिरवून कमी-जास्त करता यायची.

तरी माझं म्हणणं असं की दहा मिनिटांच्या कामासाठी गाडीला नळ्या, बाटल्या आणि वायरी कशाला लटकवायच्या? नव्वद नंबरचं गिअर ऑइल, जुना टूथब्रश, एक फडकं. गाडी सेंटर स्टँडवर घ्या, चाक हाताने फिरवा, आतल्या बाजूने तेल लावा, पंधरा मिनिटं मुरू द्या आणि पुसून काढा. चेन हाताखालून गेली की कुठली कडी आखडलीय, कुठली रिंग फाटलीय ते बोटांना कळतं. यंत्राला ते कळणार नाही.

शिळफाटा | रविवार, रात्री १०:११

काका, सेंटर स्टँड देतात कुठे आता? माझ्या गाडीला नाही, घाटवाटच्याही नसेल.

घाटवाट | रविवार, रात्री १०:१५

नाही. पॅडॉक स्टँड (मागचं चाक उचलून धरणारा वेगळा स्टँड) घेतलाय, पण पावसात सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज रात्री गाडी त्यावर चढवणं होत नाही.

पाना_दहाचा | रविवार, रात्री ११:४०

आधी ऑइलर नेमकं काय वाचवतो ते बघू, म्हणजे अपेक्षा जागेवर राहतील.

ओ-रिंग किंवा एक्स-रिंग चेनमध्ये पिन आणि तिच्यावरची बारीक नळी, म्हणजे बुश, यांच्या मधलं ग्रीस कारखान्यातच भरलेलं असतं. रबरी रिंग त्याला आत कोंडून ठेवते. चेन लांबते ती याच जागी झीज होऊन, लोखंड ताणलं जाऊन नव्हे. बाहेरून कितीही तेल ओता, ते तिथे पोचत नाही. मग बाहेरचं तेल कशाला? तीन कामांना. एक, रिंग कोरडी पडून तडकू नये म्हणून. ती तडकली की ग्रीस बाहेर, पाणी आत, आणि चेन महिन्या-दोन महिन्यांत खलास. दोन, बुशवर जो रोलर फिरतो त्याच्या आत कोंडलेलं ग्रीस नसतं, तो बाहेरच्याच तेलावर जगतो. रोलर आखडला की स्प्रॉकेटचे दाते खरवडायला लागतो. तीन, गंज.

म्हणजे पावसाळ्यात ऑइलरचा उपयोग दुसऱ्या-तिसऱ्या कामाला सगळ्यात जास्त आणि पहिल्यालाही चांगलाच. साध्या, बिनरिंगच्या चेनला तर आणखी जास्त, कारण तिथे पिनपर्यंत जे तेल पोचतं ते बाहेरूनच. पण साधी चेन असलेल्या आपल्याकडच्या बहुतेक कम्यूटर गाड्यांना पूर्ण बंद चेनकव्हर असतं. त्यांनी या भानगडीत पडू नये. कव्हर खोलून वेळेवर तेल दिलं की त्या चेन सुखात चालतात.

काकांचं एक म्हणणं शंभर टक्के पटतं. ऑइलर बसवला म्हणून चेनकडे बघणं सोडायचं नाही. ताण तो तपासत नाही.

बेलापूरची_अनु | सोमवार, सकाळी ७:५०

माझ्या गाडीवर व्हॅक्यूमवाला स्कॉटऑइलर आहे. मागचे दोन पावसाळे त्याच्यावर काढलेत. पामबीच रोडने वाशीला रोज जाते, शिवाय महिन्यातून एखादी मोठी फेरी, माळशेज किंवा अलिबागकडे.

रचना सोपी आहे. इंजिनच्या इनटेकवर जी व्हॅक्यूमची जागा असते तिथून एक बारीक नळी तेलाच्या कुपीकडे जाते. इंजिन चालू झालं की त्या ओढीने कुपीतला पडदा उचलला जातो, वाट मोकळी होते आणि तेल स्वतःच्या वजनाने खाली उतरतं. इंजिन बंद केलं की वाट बंद. कुपीवरच्या चकतीने थेंबांचा वेग ठरवायचा. कंपनी मिनिटाला एक थेंब असं ढोबळ मान सांगते. तेल दोन प्रकारचं मिळतं, निळं थंड हवेचं आणि लाल उष्ण हवेचं. आपल्याकडे बारा महिने लालच.

सगळी गोम तोटीच्या जागेत आहे. तोटी चेनवर धरायची नसते, मागच्या स्प्रॉकेटच्या पात्याला दात्यांच्या मुळाशी टेकवायची. डाव्या बाजूने चाकाकडे बघितलं तर घड्याळात सात वाजतात त्या ठिकाणी. खालून येणारी चेन स्प्रॉकेटवर चढण्याच्या थोडं आधी थेंब पात्यावर पडतो, फिरण्याच्या जोराने बाहेर दात्यांकडे सरकतो आणि रोलरच्या खाली जाऊन बसतो. तोटी हवेत लोंबत राहिली तर वाऱ्याने थेंब सरळ टायरवर.

वेग ठरवताना मी मागच्या चाकाजवळ मडगार्डच्या आतून पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवला आणि वाशीला जाऊन आले. पुठ्ठ्यावर बारीक शिंतोड्यांची पुसट रेघ आली तर ठीक, ओघळ आला तर चकती मागे घ्यायची. आता चेनला बोट लावलं की बोटावर पातळ, मधाच्या रंगाचा थर येतो, काळा चिकटा नाही. स्प्रेच्या दिवसांत बोट काळंकुट्ट व्हायचं.

शिळफाटा | सोमवार, सकाळी ८:०२

अनुताई, टायरचं खरं खरं सांगा. मुंब्रा बायपासच्या उतारावर मागचं चाक सरकलं तर चेनचं आयुष्य घेऊन काय करू?

बेलापूरची_अनु | सोमवार, सकाळी ८:३०

शंका रास्त आहे. जास्तीचं तेल चाकाच्या रिमवर आणि टायरच्या डाव्या भिंतीवर येतं. जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्यावर माझ्या गाडीत कधी दिसलं नाही. पण टायरची भिंत तेलकट दिसली म्हणजे थेंब जास्त पडतायत असं समजायचं आणि त्याच दिवशी कमी करायचे, कारण गाडी डावीकडे कलली की भिंतीलगतची कडच रस्त्याला लागते. कुपी भरली, तेलाचा प्रकार बदलला किंवा हवा एकदम तापली की पहिल्या फेरीनंतर टायर बघायचा. यात हयगय नको.

कळव्याचा_केदार | सोमवार, सकाळी ९:१०

+१ पुठ्ठ्याला.

रबाळे_लेथ | सोमवार, दुपारी १:४५

बाहेरून मागवायची वस्तू महाग पडते, कस्टम वेगळं. मी गावठी पद्धतीने केलंय आणि समाधानी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तेल: नव्वद नंबरचं गिअर ऑइल. कित्येक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ओ-रिंग चेनसाठी हेच सांगितलेलं असतं, त्यामुळे रबराची काळजी नाही.

नळी: ४ मिमीची पीयू नळी, न्यूमॅटिक सामानाच्या दुकानात मीटरवर मिळते. वागळे इस्टेटला आणि रबाळे एमआयडीसीत अशी दुकानं भरपूर आहेत. लोक सलाईनचा सेट वापरतात, तो मी टाळला. सलाईनची नळी पीव्हीसीची. तिला मऊ ठेवणारं द्रव्य तेलात उतरत जातं, काही महिन्यांत ती काडीसारखी कडक होते आणि वाकवली की तडकते.

वाट बंद-चालू करायला पितळी नीडल व्हॉल्व्ह. कुपी सीटच्या बाजूच्या पॅनलमागे, स्प्रॉकेटपेक्षा वर. कुपीच्या झाकणाला टाचणीएवढं भोक हवंच, नाहीतर आत हवा शिरत नाही आणि थोड्या वेळाने तेल यायचं थांबतं. तोटी अनुताईंनी सांगितलीय तशीच, सातच्या ठिकाणी. नळीच्या टोकाला तिरका काप दिलाय आणि तिला पितळेच्या पट्टीचा आधार आहे. स्विंगआर्मवरून (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरून) नेताना दर वीतभर अंतरावर केबल टाय.

हिशेब असा: कुपी ५० मिलीची. एका मिलीत २० थेंब धरले तर १००० थेंब. मिनिटाला एक म्हणजे १००० मिनिटं, साडेसोळा तासांच्या वर. शहरात सरासरी ताशी २५ किमी धरा, एका कुपीत चारशे किलोमीटर निघतात. लिटरभर तेलात अशा वीस कुप्या.

सिस्टर_कोपरी | सोमवार, दुपारी २:२०

२० थेंबांचा हिशेब सलाईनच्या साध्या सेटचा आहे आणि तोही पाण्यासारख्या द्रवाचा. मायक्रो सेटमध्ये ६० थेंबांचा एक मिली होतो. तेलाचा पृष्ठताण पाण्याच्या निम्म्याहून कमी, त्यामुळे त्याच तोटीतून तेलाचा थेंब लहान पडतो. तुमची कुपी हिशेबापेक्षा जास्त चालेल. मोजून बघायचं असेल तर ५ मिलीची सिरिंज घ्या आणि थेंब मोजा, पाच मिनिटांचं काम.

(गाडी माझ्या मिस्टरांची, धागा मात्र मी वाचतेय.)

रबाळे_लेथ | सोमवार, दुपारी २:२६

सिस्टर, दंडवत! म्हणूनच कुपी इतकी टिकते. मला वाटायचं व्हॉल्व्ह तुंबतोय.

काका_नौपाडा | सोमवार, सायंकाळी ६:१५

रबाळे, काम सुबक दिसतंय. पण तुमच्या रचनेत व्हॉल्व्ह हाताने बंद करायचा, बरोबर? आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये एकाने असंच बसवलं होतं. एका रात्री व्हॉल्व्ह उघडा राहिला. सकाळी पार्किंगच्या फरशीवर तेलाचं थारोळं, त्यावरून दूधवाल्याची सायकल घसरली. दूधवाला थोडक्यात वाचला. सोसायटीच्या सभेत त्यावर तासभर चर्चा झाली. उतारावर चालणाऱ्या प्रत्येक वस्तूत हा धोका आहे.

रबाळे_लेथ | सोमवार, सायंकाळी ७:००

काका, धोका खरा आहे. म्हणून माझ्या गाडीत आता १२ व्होल्टचा छोटा सोलेनॉइड (विजेवर उघडमीट होणारा व्हॉल्व्ह) आहे, चावीवर चालणारा. चावी काढली की वाट बंद. वायर वेगळ्या फ्यूजमधून घेतलीय, हॉर्नच्या किंवा दिव्याच्या वायरीवर टाका मारलेला नाही. ज्याला वायरिंग नको त्याने दाबायची बाटली लावावी. परदेशात लूबमॅन मिळतो त्यात हेच तत्त्व आहे: निघताना बाटली एकदा दाबली की ठरावीक तेल वरच्या कप्प्यात चढतं, तेवढंच खाली उतरतं आणि थांबतं. उघडी राहायला तिथे वाटच नाही.

खारघर_टेकडी | सोमवार, रात्री ८:४०

माझा मुद्दा व्हॅक्यूमवाल्याबद्दल, आणि अनुताईंचा मान राखून. त्याला गाडी चालतेय की उभी आहे हे कळत नाही, फक्त इंजिन चालू आहे एवढंच कळतं. पामबीचला चालून जाईल, तिथे गाडी पळत असते. घाटवाटचा रस्ता बघा: गायमुखकडून येणारे ट्रक, माजिवड्याचा सिग्नल, कळवा नाका. वीस मिनिटं इंजिन चालू आणि चाक जागच्या जागी. तेवढे थेंब एकाच ठिकाणी साचतात, गाडी हलली की एकदम उडतात. टायर तेलकट होतो तो अशाच वेळी.

इलेक्ट्रॉनिक ऑइलरमध्ये हालचाल ओळखणारा सेन्सर असतो, गाडी उभी राहिली की थोड्या वेळात पंप थांबतो. बॅटरीला दोन वायरी, इंजिनला हात लावायचा नाही. माझ्याकडे तोच आहे. हँडलवरच्या बटणाने पावसात वेग वाढवतो, पाऊस थांबला की कमी करतो. किंमत जास्त आहे हे मान्य.

बेलापूरची_अनु | सोमवार, रात्री ९:०५

हे बरोबर आहे. वाशीच्या खाडीपुलावर खोळंबा झाला की मलाही शिंतोडे जास्त दिसतात. मी सिग्नल लांबणार असं दिसलं की इंजिनच बंद करते, त्यात पेट्रोलही वाचतं. पण घाटवाटच्या रस्त्यावर इलेक्ट्रॉनिक जास्त सोयीचा, दुमत नाही.

पाना_दहाचा | सोमवार, रात्री ९:५०

वॉरंटीचा प्रश्न राहिला होता. बीएस-६ गाडीत थ्रॉटल बॉडीला (इंजिनात हवा सोडणाऱ्या भागाला) जाणाऱ्या नळ्यांपैकी एक पेट्रोलची वाफ साठवणाऱ्या डब्याची, म्हणजे कॅनिस्टरची असते. व्हॅक्यूमसाठी लोक तीच कापून टी जोडतात. जोड जरा सैल राहिला की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, आयडलिंग वर-खाली होतं आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. सर्व्हिस सेंटरला ती नळी कापलेली दिसली की इंजिनची कुठलीही तक्रार तुमच्या गळ्यात. वॉरंटीत असलेल्या गाडीला माझा सल्ला एकच: इंजिनची नळी कापायची नाही.

मावळतीकर | सोमवार, रात्री १०:३०

अवांतर: चेन धुवायला लोक काय वापरतात? रॉकेल मिळेनासं झालंय. गॅरेजवाला पेट्रोलने धुतो.

पाना_दहाचा | सोमवार, रात्री १०:४१

पेट्रोल नको. रबरी रिंग फुगतात, मग कडक होतात. तारेचा ब्रशही नको, तो रिंग कापतो. रॉकेल मिळालं तर उत्तम, नाहीतर डिझेल, नाहीतर चेन क्लीनर. मऊ ब्रशने घासून कोरड्या फडक्याने पुसायची. प्रेशर वॉशरचा झोत चेनवर जवळून मारू देऊ नका, रिंगच्या कडेने पाणी आत घुसतं.

आणि इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चेन पुसायची पद्धत काही गॅरेजांत दिसते. फडकं चेनबरोबर स्प्रॉकेटमध्ये ओढलं जातं आणि त्याच्या मागोमाग बोटं. बोटाचं पेर गेलेले कारागीर मी पाहिलेत. चाक हातानेच फिरवा, इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये. घरातल्या मुलांनाही हे सांगून ठेवा.

सिस्टर_कोपरी | सोमवार, रात्री १०:५५

याला माझा जोरदार पाठिंबा. असे हात घेऊन येणारी माणसं कॅज्युअल्टीत पाहिलीत. कृपया, कृपया इंजिन बंद.

कळव्याचा_केदार | सोमवार, रात्री ११:०५

अवांतरात भर: आमच्या घरी एथर आहे, तिला बेल्ट. तेल नाही, गंज नाही. शाफ्टवाल्या गाड्यांनाही ही कटकट नाही. चेन जाणारच हळूहळू.

खारघर_टेकडी | सोमवार, रात्री ११:१२

बेल्टचा आराम मान्य. पण खडी अडकली तर बेल्ट कापला जातो आणि शाफ्ट वजन आणि किंमत दोन्ही वाढवतो. घाटात, कच्च्या वाटेवर, स्प्रॉकेटमध्ये दोन दातांचा फरक करून गाडीचा स्वभाव बदलायची मुभा चेनच देते. अजून बरीच वर्षं चेनची काळजी घ्यावी लागणार आहे.

ओवळा_रायडर | मंगळवार, सकाळी ८:२०

मला ही कल्पना पटत नाही. घोडबंदरला मेट्रोचं काम, काँक्रीटचे मिक्सर, भरावाची माती. ओल्या चेनवर ती धूळ बसली की घासायची पेस्टच तयार होते. मी कोरडा मेणाचा स्प्रे मारतो, चेन स्वच्छ दिसते.

रबाळे_लेथ | मंगळवार, दुपारी १:१०

ओवळा, पेस्ट होते ती चिकट थरात. गोंदासारखा स्प्रे धूळ धरून ठेवतो. पातळ तेल सतत येत असलं की जुनं तेल धुळीसकट बाहेर फेकलं जातं आणि नवं येतं, चेन चालता चालता धुतली जाते. रिम आणि नंबर प्लेट मात्र काळी होते, ती पुसायची तयारी हवी.

ओवळा_रायडर | मंगळवार, दुपारी १:३०

पावसात धुतली जाते हे मानतो. मार्च-एप्रिलच्या कोरड्या धुळीत मी तरी मेणच वापरणार. ऑइलर ऑक्टोबरमध्ये बंद करून जूनमध्ये चालू करता येत असेल तर विचार करीन.

खाडीकाठ | मंगळवार, सायंकाळी ७:३०

सगळं वाचलं. एक गोष्ट मनाला लागलीय, ती बोलतो.

हे सगळं तेल शेवटी जातं कुठे? चेनवरून रस्त्यावर, रस्त्यावरून पावसाच्या पाण्याबरोबर गटारात आणि गटारातून ठाणे खाडीत. २०१५ मध्ये त्या खाडीचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जा मिळाला. मी ऐरोलीच्या बाजूने हिवाळ्यात ते पक्षी बघायला जातो. चिखलात चोच घालून शैवाल गाळून खातात बिचारे. गाडीगणिक ५० मिली थोडं वाटतं, पण गाड्या किती आहेत ते ठाणे-बेलापूर रोडवर सकाळी नऊ वाजता उभं राहून बघा. ऑइलर लावू नका असं म्हणत नाही. पण "थोडं जास्त गेलं तर काय बिघडलं" हा विचार नको.

पाना_दहाचा | मंगळवार, रात्री ८:१०

चांगला मुद्दा आणला. स्प्रेचंही बरचसं रस्त्यावरच जातं, डब्यातला वायू हवेत जातो आणि पत्र्याचा डबा कचऱ्यात. तरीही थेंब कमीत कमी ठेवणं हेच बरोबर, चेनसाठी, टायरसाठी आणि खाडीसाठी. चेनला नुसता ओलसर थर लागतो, न्हाऊमाखू घालायचं नसतं. आणि धुतलेलं डिझेल गटारात ओतू नका. डब्यात साठवा आणि गॅरेजमध्ये वापरलेल्या इंजिन ऑइलच्या पिंपात द्या.

काका_नौपाडा | मंगळवार, रात्री ९:००

खाडीकाठ, बरं वाटलं वाचून.

घाटवाट, बसवायचंच ठरवलं असेल तर आधी आत्ताची चेन मोजा, नाहीतर ऑइलरने फरक पडला की नाही ते कळायचं कसं? चेन ताणून धरायची आणि एका पिनच्या मध्यापासून एकविसाव्या पिनच्या मध्यापर्यंत पट्टी लावायची. ५२० या मापाच्या नव्या चेनला ही लांबी ३१७.५ मिमी, ४२८ च्या चेनला २५४ मिमी. झिजत जाते तशी वाढते, किती वाढली की बदलायची ते मॅन्युअलमध्ये असतं. दोन-तीन वेगवेगळ्या जागी मोजा, चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. शिवाय मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी मागे ओढा. अर्धा दात उघडा पडला तर ती चेन संपली, तिच्यावर ऑइलर बसवून तेल वाया.

आणि किलोमीटरसकट वहीत लिहा. माझ्याकडे सगळ्या गाड्यांच्या वह्या आहेत.

घाटवाट | मंगळवार, रात्री १०:२५

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं एका जागी कुठेच वाचायला मिळालं नव्हतं.

आज रात्री काकांच्या पद्धतीने मोजलं. चेन ५२० ची, तीन जागी ३१८ ते ३१८.५ भरली, म्हणजे अजून आयुष्य आहे. गाडी वॉरंटीत आहे, त्यामुळे व्हॅक्यूमवाला बाद. इलेक्ट्रॉनिकची किंमत सध्या झेपणारी नाही. म्हणून रबाळे यांच्यासारखा सोलेनॉइडवाला करायचा विचार पक्का होतोय. चावीवर चालला तर सिग्नलला तेल गळणारच, म्हणून हँडलवर एक स्विच घेतो. माजिवडा आला की बंद, कळवा ओलांडला की चालू.

एक अडचण आहे. माझ्या स्विंगआर्मच्या आतल्या बाजूने मागच्या एबीएस सेन्सरची वायर जाते. नळी तिच्याच शेजारून न्यावी का?

रबाळे_लेथ | मंगळवार, रात्री १०:५०

नको, वायरीला बांधू नकोस. केबल टाय आवळला की सेन्सरची वायर आतून तुटते आणि एबीएसचा दिवा लागतो. नळी स्विंगआर्मच्या खालच्या कडेने घे, चेन गार्डच्या स्क्रूंचा आधार मिळतो. स्विंगआर्म पूर्ण वर-खाली होतो तेव्हा नळी ताणली जाऊ नये म्हणून पिव्हटपाशी एक सैल वळसा ठेव. चेन टाईट करताना चाक मागे सरकतं, त्यामुळे तोटीची पट्टी सरकवता येईल अशी हवी, तिला लांबट भोक पाड.

शनिवारी शॉपला सुट्टी आहे, ड्रिल आणि व्हाइस मोकळं असतं. गाडी घेऊन ये, पट्टी तुझ्या स्प्रॉकेटवर बघूनच वाकवू. येताना दीड मीटर नळी, वेगळा फ्यूज होल्डर आणि पुठ्ठा आण. सोलेनॉइड माझ्याकडे एक शिल्लक आहे.

ओवळा_रायडर | मंगळवार, रात्री ११:०२

मीही आलो तर चालेल का? बघायला.

रबाळे_लेथ | मंगळवार, रात्री ११:०४

ये की. दहाच्या आत पोचा दोघं, दुपारी तिथे पत्रा तापतो.